नष्ट केलेला एसी

नवी मुंबईतल्या आमच्या सारसोळ्यात भाडेकरूला तोंडावर 'खोली सोड' असं कुणी म्हणत नाही. आधी त्याला धोका सांगतात. स्लॅबला चीर गेलीय, जिन्याचा खांब फुगलाय, गच्चीवरची टाकी कधीही खाली येईल, पावसाळ्याआधी सामान हलवलेलं बरं. भाडेकरू बिचारा पोराबाळांना घेऊन निघून जातो. मग त्याच चिरेवर रंग मारला जातो आणि त्याच खोलीत जास्त भाड्याचा माणूस येतो. माझ्या मुलाने, मिथुनने, किसन नावाच्या भाडेकरूला असंच काढलं. किसन वाशीच्या मार्केटात मिरचीच्या गोण्या उचलायचा. जाताना जिन्यात थांबला, वर स्लॅबकडे बघितलं आणि मला म्हणाला, "मावशी, मी गेल्यावर चीर आपोआप बुजंल, न्हवं?" मिथुन मागेच उभा होता. तो हसला.

किसनच्या जागी त्याच्याच गावाकडचा ज्योतिबा आला. हाही साताऱ्याकडचा, हाही मार्केटातला माथाडी. किसननेच त्याला सांगून पाठवलं होतं, खोली चांगली आहे, फक्त त्या घरातल्या धोक्यांवर विश्वास ठेवू नको.

हे घर माझ्या नवऱ्याने, गोटीरामने, मजल्यावर मजला चढवत बांधलं. आमची भाताची शेतं शहरासाठी गेली, मग खाडीत मासळी मिळेना, तेव्हा भाडं हेच पीक झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे कुडाचं घर होतं. वैशाखातल्या दुपारी भरतीबरोबर वारा असा घुसायचा की चुलीपुढे पत्रा धरून भाकरी भाजाव्या लागत. दोरीवरचे बोंबील एकमेकांवर आपटून खडखड वाजायचे. त्या वाऱ्यात आम्ही दार सताड उघडं टाकून निजायचो आणि पहाटे अंगावर गोधडी ओढायचो. आता खाडी आहे तिथेच आहे. मधे उंच इमारती उभ्या राहिल्या. आमची खिडकी उघडली की शेजाऱ्याच्या मोरीची भिंत हाताला लागते. म्हणून घरोघर एसी आले. वारा होता तेव्हा त्याची किंमत कुणी केली नाही, मीसुद्धा नाही.

आमच्याकडचा पहिला एसी सुनेच्या आंदणात आला. स्नेहल शिरवणे गावची. तिच्या माहेरच्यांनी टेम्पो सजवून सामान पाठवलं. खाली कपाट, त्यावर वॉशिंग मशीन, आणि सगळ्यात वर, नवरदेवासारखा, खिडकीत बसवायचा एसी. पुढे बँड. अख्खं गाव बघायला गोळा झालं होतं. दर दसऱ्याला स्नेहल त्या एसीच्या पांढऱ्या जाळीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची. पुसलं तरी त्याचा गुलाबी डाग राहिला होता.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मिथुनच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. त्या बनावटीचे सगळे एसी कंपनीने परत मागवले होते. आतल्या पंख्याची मोटर तापते, भोवतालचं प्लास्टिक वितळतं आणि पेट घेतं. एसी लगेच बंद करा, वायर कापा, कापलेल्या वायरीसकट फोटो पाठवा, नवीन एसी फुकट मिळेल, जुना उचलायला माणूस येईल. मिथुनने मला हे सगळं जेवता जेवता वाचून दाखवलं होतं, लॉटरी लागल्यासारखं. त्याने वायर कापली, फोटो पाठवला. दिवाळीला नवीन एसी आला. जुना उचलायला कुणी आलं नाही. तो जिन्याखाली, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकून पडला होता. होळीच्या सुमाराला जिन्याखालची जागा रिकामी दिसली. मला वाटलं, नेला असेल.

ज्योतिबाची बायको राजेश्वरी माहेरी बाळंत होऊन एप्रिलात परत आली. मुलगी झाली होती. मी अंगडं-टोपडं घेऊन वर गेले. खोली गार होती. खिडकीजवळ, गारवा लागावा म्हणून, साडीची झोळी टांगली होती आणि तिच्यात पोर झोपली होती. चांगली गुटगुटीत, कपाळाला काजळाची तीट.

"नाव काय ठेवलंस?"

"राजलक्ष्मी."

"ए बाय, एवढुशा जिवाला एवढं मोठं नाव."

"ह्यांनीच काढलं. म्हनले, गोण्या उचलणाऱ्याची लेक हाय म्हणून नाव बी हलकं ठेवायचं काय?"

ती हसली, मीही हसले. मग मी मान वर केली. झोळीच्या बरोबर वर, खिडकीत एसी घरघरत होता आणि त्याच्या जाळीवर कुंकवाचा गुलाबी डाग होता. वायरीला मधोमध काळी पट्टी गुंडाळलेली होती, बोटाला चिंधी बांधावी तशी.

"ह्यो कोनी लावला?"

"मिथुनशेटनी की. भाडं वाढवलं जरा, पर माहेरी पोरीच्या अंगावर घामोळं फुटलं हुतं, म्हणून ह्यांनी बी हां म्हटलं."

मी खाली आले. मिथुन उरणजवळ द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर आहे. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. नव्या एसीखाली तो मोबाइल बघत लोळला होता आणि स्नेहल पोटऱ्यांवर चादर घेऊन कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वरचा एसी काढ," मी म्हटलं.

"कुठला वरचा?"

"मना येडी समजू नको. कुंकवाचा डाग हाय त्यावर."

त्याने मोबाइल पोटावर ठेवला. "आई, टेन्शन नको घेऊ. मस्त चालू आहे. वायरमनने जॉइंट मारलाय."

"कंपनीने बंद करायला सांगितलाय तो. त्याच्याखाली पोर निजलीय."

"कंपन्या काय, कुठेतरी एक पेटला की सगळेच परत मागवतात. वकिलांना घाबरतात."

स्नेहल घडीवरून नजर न काढता म्हणाली, "तीन उन्हाळे आमच्या उशाशी चालला, आई. आम्हाला काय झालं?"

"मग तुमी बदलला कशाला?"

"फुकट मिळत होता म्हणून."

"तुमच्या उशाशी चालला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक हाय."

मिथुनने मोबाइल पुन्हा उचलला आणि म्हणाला, "आणि कंपनीच्या हिशेबात तो एसी आता नाहीच आहे. नष्ट झालाय. फोटो आहे ना त्यांच्याकडे." हे सांगताना त्याला गंमत वाटत होती.

नव्या एसीच्या खोक्यावर कंपनीचा नंबर होता. दुसऱ्या दिवशी मी तो फिरवला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी गोड आवाजात बोलू लागली. मी तिला नाव, पत्ता, सगळं सांगितलं.

"मॅडम, तो युनिट आमच्याकडे नष्ट दाखवतोय."

"बाय, तो माझ्या डोक्यावर चालतोय. घरघर ऐकू येते मला."

"मॅडम, नष्ट झालेला युनिट चालू कसा असेल? तुम्हाला बदली युनिट मिळालाय ना?"

"मिळालाय. पण जुना कुनी नेलाच नाय. तुमचा माणूस पाठवा."

"तुमची केस बंद झालेली आहे, मॅडम. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

मी फोन ठेवला. आता राहिले ते वरच्या खोलीतले. राजेश्वरीला मी समजेल असं सगळं सांगितलं, मोटर, प्लास्टिक, वायर का कापायला लावली ते. ती पोरीला पायांवर घेऊन तेल लावत होती. माझं बोलणं ऐकता ऐकता तिचे हात सावकाश होत गेले. 'हे आल्यावर सांगते' एवढंच म्हणाली.

ज्योतिबा संध्याकाळी खाली आला. आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"मावशी, स्लॅबला चीर गेली म्हना, खांब फुगला म्हना. त्याची आमाला सवय हाय. एसी पेटणार, ह्ये नवीन काढलं तुमी."

"ज्योतिबा, खोटं नाय. माझ्या मुलानेच कंपनीचा निरोप मना वाचून दाखवला होता."

"मग शेटनी सांगावं की तोंडानं."

मी मिथुनला हाक मारली. तो बाहेर आला, गळ्यात नॅपकिन. मी म्हटलं, सांग याला. त्याने माझ्याकडे बघितलं, ज्योतिबाकडे बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आईचं वय झालंय. मनावर घेऊ नका. एसी एकदम फर्स्ट क्लास आहे."

"करार मे म्हयन्यात संपतोय, ठाव हाय आमाला," ज्योतिबा म्हणाला, मिथुनला नाही, मला. "पोर लहान हाय, आमी कुठं जाणार न्हाई."

खोलीत कुणी नसताना मी मीटरच्या पेटीतला त्यांचा स्विच खाली केला. ज्योतिबाने तो वर केला आणि पेटीला स्वतःचं कुलूप घातलं. वीज तोडणं हेही आमच्या आळीतलं जुनं हत्यार आहे, त्यामुळे त्याला नवल वाटलं नाही. एका अर्थी ते दोघं जसं वागायला हवं तसंच वागत होते. आम्हीच त्यांना ते शिकवलं होतं.

मग एके सकाळी राजेश्वरीने जिन्यातून खाली वाकून हाक मारली.

"आजी, तुमचं सुकट कुठं वाळत घातलंय? खोलीत वास मारतोय. पोर सारखी शिंकतीया."

"मी सुकट घातलं नाय बाय. गच्चीत जागाच कुठे हाय?"

"मग शेजारचं असंल. आमाला ह्या मासळीच्या वासाची सवय न्हाई, उलटी होतीया. जरा सांगा की त्यांना."

मी वर गेले. दारातच तो वास आला. खरंच मासळीसारखा होता. माझा जन्म मासळीत गेला. बोंबील, वाकटी, जवळा, सोडे, ओले, सुके, नासलेले, मी डोळे मिटून सांगेन कुठला कशाचा आणि किती दिवसांचा. हा त्यांतला कुठलाच नव्हता. मासळीच्या वासात मीठ असतं. यात मीठ नव्हतं, मागे काहीतरी गोडसर, घशाला झोंबणारं होतं. मी खिडकीशी गेले तसा तो दाट झाला. झोळीवर वाकले तर नाकातच शिरला. एसीच्या जाळीतून येत होता.

"राजेश्वरी, हा मासळीचा नाय. ह्या मशीनचा हाय. आतलं जळतंय."

तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आजी, कोळीवाड्यात ऱ्हाऊन मासळीचा वास एसीचा कसा झाला हो?" मग तिने पोरीला उचललं आणि तिचं तोंड माझ्यापासून वळवलं.

त्या दिवशी मी मिथुनला शेवटचं सांगितलं. तो म्हणाला, रविवारी बघतो. असे रविवार मी पुष्कळ पाहिले आहेत.

राजेश्वरी पोरीला डोस द्यायला महापालिकेच्या दवाखान्यात जाणार होती. ज्योतिबा मार्केटात. मिथुन आणि स्नेहल दोघं कामावर. मी सुभाष भंगारवाल्याला बोलावून ठेवलं. आमच्याकडे प्रत्येक भाड्याच्या खोलीची दुसरी चावी मालकाकडे असते. ती मी काढली. सुभाष आणि त्याचा भाऊ वर गेले, झोळी बाजूला बांधली, एसीचा प्लग काढला आणि तो उचलून खाली गल्लीत आणला.

"मावशी, चालू माल हाय हा," सुभाष म्हणाला. "अख्खा दे मला. गिऱ्हाईक हाय. फोडून काय भेटणार?"

"फोड. माझ्यासमोर."

"विचार कर. डबल देतो."

"तुला फोडायचा नसेल तर दुसऱ्याला बोलावते."

त्याने फोडला. पत्रा निघाला, तांब्याची नळी निघाली, शेवटी पंख्याची मोटर बाहेर आली. तिच्यामागचं प्लास्टिक काळं पडून, वितळून, मेणासारखं खाली ओघळलं होतं. सुभाषने त्याला नाक लावलं आणि तोंड मागे घेतलं. तो तुकडा मी मागून घेतला. बाकीचं त्याने हातगाडीवर टाकलं. जाताना त्याने माझ्या हातावर काही नोटा ठेवल्या. मला नको होत्या, पण तो म्हणाला, फुकट माल घेतला तर लोक चोर म्हणतील. शेजारणी खिडक्यांतून बघत होत्या. मीही नोटा कनवटीला लावल्या. तिथे माझं चुकलं असेल.

राजेश्वरी परत आली तेव्हा पोर इंजेक्शनच्या तापाने रडत होती. खोलीत उकाडा मावत नव्हता. खिडकीत, जिथे एसी होता तिथे, मी प्लायवूडचा तुकडा लावला होता आणि माझा टेबलफॅन झोळीसमोर ठेवला होता. तिने आधी खिडकीकडे बघितलं, मग दाराच्या कुलुपाकडे. माझ्या हातातली चावी बघितली. ती ओरडली नाही. टेबलफॅन उचलला आणि दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर ठेवला.

"आमच्या माघारी आमच्या खोलीत शिरलात तुमी," ती म्हणाली. "माझी कापडं, पोरीचं सामान, समदं उघडं हुतं."

"बाय, आतून जळलेला होता. हे बघ." मी तो तुकडा पुढे केला. तिने बघितला नाही.

संध्याकाळी ज्योतिबाने बघितला. हातात घेऊन उलटासुलटा केला.

"तांबं काढाया भंगारवाले वायरी जाळत्यातच की, मावशी. रोज बघतो आमी मार्केटच्या मागं. त्यातलाच उचलून आणला असंल तुमी."

"त्याने जाळला नाय. असाच निघाला."

"बरं. आन् पैसं? ते बी असंच निघालं काय? समद्या गल्लीनं बघितलं."

मी कनवटीच्या नोटा काढून पुढे केल्या. त्याला ते आणखीच वाईट दिसलं असावं. त्याने हात मागे घेतले. "लेकराचा गारवा इकून म्हातारी पैसं मोजती," असं तो जिना चढताना म्हणाला, मला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने.

स्नेहल माझ्याशी बोलेना. ती वस्तू तिच्या माहेरची होती, बँड लावून आलेली. आईवडिलांना काय सांगू, एवढंच ती मिथुनला विचारत होती. त्या एसीची तिला इतकी माया होती तर तो वरच्या खोलीत का गेला, हे मी विचारलं नाही. मिथुन मात्र बोलला. तो तुकडा मी त्याच्या ताटाशेजारी ठेवला होता. तो बघून त्याचा घास थांबला, एवढं मी बघितलं. मग त्याने तुकडा बोटाने बाजूला सारला.

"जुना कुठलाही एसी खोल, आतून असाच असतो. आता ते खोली सोडतील आणि गावभर सांगतील की मालकीण चावी लावून आत शिरते. कोण राहील आपल्याकडे? तेच हवं होतं ना तुला?"

"मना काय हवं होतं ते तुला ठाऊक हाय."

"काही पेटलं नाही, आई. काहीही झालं नाही. आणि तू एवढा तमाशा केलास."

पेटलं असतं तर मी खरी ठरले असते. तेवढ्यासाठी पेटायला हवं होतं असं तर मी म्हणू शकत नाही. गोटीराम असता तर त्याने एकच प्रश्न विचारला असता, पोर कशी आहे. त्या घरात तो प्रश्न त्या आठवड्यात कुणी विचारला नाही.

करार संपायच्या आधीच त्यांनी जुईनगरला खोली बघितली. टेम्पो आला. ज्योतिबाच्या ओळखीचे माथाडी आले होते. त्यांनी पिंप, कॉट, शेगडी असं भराभर चढवलं. सामान थोडं होतं. आमच्यात लेकुरवाळी बाई घरातून निघाली तर तिची ओटी भरल्याशिवाय जाऊ देत नाहीत, भाडेकरू असली तरी. मी खण, तांदूळ आणि नारळ घेऊन खाली उभी राहिले.

राजेश्वरी जिना उतरून आली. मला बघितलं तशी तिने पदर पुढे ओढला आणि पोरीचं तोंड झाकलं. नजर लागेल म्हणून झाकतात तसं.

"पदर पसर बाय. ओटी घे."

"ऱ्हाऊ द्या आजी."

"माझ्यासाठी नको घेऊस. पोरीसाठी घे."

"तिच्यासाठीच ऱ्हाऊ द्या म्हनलं."

ती टेम्पोत पुढे बसली. ज्योतिबा मागे सामानावर बसला आणि त्याने दुसरीकडे तोंड केलं. टेम्पो गल्लीत अडला, मागे आला, पुन्हा वळला. पदराखालून पोरीचे पाय बाहेर आले होते. ती जोरजोरात लाथा झाडत होती. गल्लीच्या वळणापर्यंत मी ते पाय बघत उभी राहिले.

मिथुन वरच्या खोलीत दलालाला घेऊन गेला होता. भिंतीवर एसीचा पॉइंट तयार आहे, असं त्याचं बोलणं जिन्यातून ऐकू येत होतं.

मी ताट घेऊन आत आले. तांदूळ डब्यात ओतले, खण कपाटात ठेवला. नारळ तसाच ओट्यावर राहिला. स्नेहलने तो संध्याकाळी फोडला आणि कालवणात घातला. जेवताना मिथुन म्हणाला, खोबरं गोड निघालं.